थोडी माया ठेवा

१

"दोनशे चौदा म्हणे! माझ्या घरी कुणी एका प्रश्नाला धड उत्तर देत नाही, आणि ही दोनशे चौदा देऊन बसली आहे."

साहेब स्वतःशीच कुरकुरत होते. पण त्यांच्या आणि वेलांटीताईंच्या टेबलांमध्ये प्लायवुडची एक फळी तेवढी होती, आणि गेली नऊ वर्षं त्या फळीतून ताईंनी साहेबांचं पित्त, साहेबांचा मेहुणा आणि साहेबांची अक्कलदाढ असं सगळं ऐकलेलं होतं. त्यामुळे आजची कुरकुर नेहमीची नाही हे त्यांना दुसऱ्याच शब्दाला कळलं. त्यांनी चष्मा पुसायला काढला. बोलावणं येणार होतं.

ताईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. ऑफिसातल्या अकरा जणांनी त्यांची वेलांटीताई केली होती, कारण कुठलाही कागद त्यांच्या हाताखालून गेला की ऱ्हस्व-दीर्घ सुधारूनच बाहेर पडायचा. मग ते ग्राहकाला जायचं पत्र असो, नाहीतर "आपापला कप धुवून ठेवा" अशी मोरीवरची चिठ्ठी. शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं सगळं, कंप्युटरसकट, बघून बघून आलेलं.

"ताई, या जरा."

त्या गेल्या. साहेबांच्या पडद्यावर एक पांढरंफटक पान होतं. मधोमध एकच ओळ: 'हे खातं बंद करण्यात आलं आहे.'

"हे काय?"

"हेच तर विचारतोय मी तुम्हाला." साहेबांनी बायोडेटा पुढे सरकवला. "सोमवारी हिची मुलाखत घेतली. आज नेमणुकीचं पत्र काढायचं म्हणून म्हटलं एकदा लिंक उघडून बघू. तर बया गायब!"

कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम बनवायची. जागा एकच होती आणि तीही नवशिक्याची: दवाखान्यातून फोन आला की न चिडता समजावून सांगायचं, आणि प्रोग्रॅममधल्या बारीकसारीक चुका दुरुस्त करायच्या. बायोडेटात अनुभवाचा रकाना कोरा होता. पण खाली, 'समुदायातलं योगदान' या मथळ्याखाली लिहिलेलं होतं: 'नवशिक्या प्रोग्रॅमरांच्या मदत-मंचावर माझ्या "रिकामटेकडी" या खात्यावरून २१४ उत्तरं.' सत्तावीस अर्जांतून ही मुलगी वर आली ती या एका ओळीवर.

"खरं असतं तर पुसलं कशाला?" साहेब म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं! पाच वाजेपर्यंत मला कळलं नाही ना, तर मी तिच्या कॉलेजला लिहिणार. अर्जात खोटं लिहिते म्हणून. मग बसू दे दारं वाजवत." ते थांबले, आणि मग जे ताईंना फळीपलीकडूनच ऐकू आलं होतं ते तोंडावर बोलले. "आणि बायोडेटात असलं काहीबाही लिहायची टूम तरी कुणाची?"

टूम ताईंची होती. दोन महिन्यांपूर्वी त्या कॉलेजात जाऊन चाळीस मुलांसमोर त्यांनीच सांगितलं होतं, "अनुभव नाही म्हणून रडू नका. ऑनलाइन चार माणसांना मदत केली असेल तर तेही कामच आहे. लिहा." त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या. आज त्याच टाळ्या कानाखाली वाजल्यासारख्या वाटत होत्या.

२

तांत्रिक काम बघणाऱ्या मुलाला सगळे मुंगी म्हणायचे. तो बोलायचा कमी आणि साठवायचा फार. मुलाखतीआधी रिकामटेकडीची बारा उत्तरं त्याने छापून ठेवली होती.

"पान पुसलं गेलं, पण हे आहे," तो म्हणाला, आणि कागद देताना का कोण जाणे ओशाळला. "ताई, एक गोष्ट मला सोमवारीच खटकली होती. मी बोललो नाही. सगळे इतके खूश होते."

"कुठली गोष्ट?"

त्याने एका उत्तरावर बोट ठेवलं. कुणीतरी विचारलं होतं की नाव टाकल्यावर प्रोग्रॅम कधीमधीच बंद का पडतो. रिकामटेकडीने लिहिलं होतं: 'नावाचा रकाना तुम्ही बरोबर दहा अक्षरांचा केलाय. आज मावतं. उद्या लांब नावाचा माणूस आला की उसवेल. थोडी माया ठेवा.'

ताईंना आठवलं. मुलाखतीत मुंगीने विचारलं होतं, "इथे माया म्हणजे काय?" मुलगी गोरीमोरी झाली होती. मग म्हणाली होती, "म्हणजे... आपल्या कोडवर प्रेम करायचं." साहेब हसले होते. ताईंचे तर डोळे पाणावले होते. त्यांना वाटलं होतं, किती हळवी पोर.

"दहा अक्षरांच्या रकान्यात प्रेम कुठे घालणार?" मुंगी म्हणाला. "उत्तर लिहिणारीला नेमकं काहीतरी म्हणायचं होतं. सांगणारीला ते माहीत नव्हतं."

ताई उरलेले कागद घेऊन जागेवर आल्या. शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाला मजकुराआधी समास दिसतो. प्रत्येक उत्तराच्या कोपऱ्यात वार आणि वेळ छापलेली होती. मंगळवार, दोन दहा. गुरुवार, पावणेतीन. सोमवार, दोन चाळीस. बाराच्या बारा उत्तरं कामाच्या दिवशी, दोन ते साडेतीनच्या आत.

त्यांनी बायोडेटा पुन्हा काढला. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, मुलीने अभिमानाने लिहिलं होतं: 'कॉलेजातली उपस्थिती ९६ टक्के.' कॉलेज साडेदहा ते साडेचार. एकाच कागदावर दोन्ही. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस असंच खोटं बोलतं.

मग त्यांनी मंच चालवणाऱ्या मास्तरांना फोन लावला. गणिताचे निवृत्त शिक्षक. मंच त्यांनी घरातूनच उभा केलेला.

"खातं कुणी फोडलं नाही बाई," मास्तर म्हणाले. "पासवर्ड टाकून, 'नक्की बंद करू का' या प्रश्नाला तीनदा 'हो' म्हणून बंद केलंय. परवा मंगळवारी, दुपारी दोन पंचवीसला. सात दिवस मी सगळं राखून ठेवतो. मग कायमचं जातं. माझा तर हात मोडल्यासारखं झालंय. नवीन पोरांना असं समजावणारं दुसरं कुणी नाही हो माझ्याकडे."

"कोण आहे ती, माहीत आहे तुम्हाला?"

"मी विद्यार्थ्यांना जात-गोत विचारत नाही, हिला कशाला विचारू? पण बंद करताना कारण लिहायची एक चौकट असते. लोक रिकामी सोडतात. हिने लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"'आता बघवत नाही.'"

३

पान पुसल्याने फायदा कुणाचा? सरळ हिशेबाने दुसऱ्या नंबरावरच्या उमेदवाराचा. तो त्याच कॉलेजचा, त्याच वर्गातला. मुलाखतीला काकाचा टाय घालून आला होता आणि तो टाय बेंबीखाली पोचत होता, म्हणून ऑफिसात त्याचं नाव टायवाला. ताईंनी त्याला 'एक सही राहिली आहे' म्हणून बोलावून घेतलं, आणि खोटं बोलल्याबद्दल स्वतःवरच चरफडल्या.

तो धापा टाकत आला. आज टाय नव्हता.

"मॅडम, माझं झालं का?"

"बस आधी. मंगळवारी दुपारी दोन-अडीचला कुठे होतास?"

"कॉलेजात. तोंडी परीक्षा होती, शेवटची. आम्ही दोघंही बाहेर बाकावर बसलो होतो, ती आणि मी. तिचा नंबर माझ्या पुढचा. का?"

म्हणजे एका दगडात दोन पक्षी सुटले. पान पुसलं तेव्हा मुलगीही कॉलेजात आणि हाही.

"तिचा फोन होता जवळ?"

"परीक्षेला फोन फाटकावर जमा करतात." त्याचा चेहरा पडला. "मॅडम, त्या योगदानाच्या ओळीबद्दल आहे का? माझं पण धरलं का तुम्ही?"

ताईंनी त्याचा बायोडेटा काढला. त्यात लिहिलेलं होतं: 'मदत-मंचावर दोन वर्षं सक्रिय. ६१ नोंदी.'

"त्या एकसष्टच्या एकसष्ट नोंदी म्हणजे प्रश्न आहेत," तो खाली मान घालून म्हणाला. "मी एकही उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, प्रश्न विचारणं हेही योगदानच की. कुणीतरी विचारल्याशिवाय उत्तर देणार कोण?"

ताईंना हसू आलं आणि लगेच विरलं. चाळीस मुलांना त्यांनी ओळ लिहायला शिकवली होती. ओळीत काय मावतं आणि काय नाही, ते सांगायचं राहून गेलं होतं.

"रिकामटेकडीने तुला उत्तरं दिली?"

"एकसष्टातली चाळीस तरी तिचीच. मी पास झालो तो तिच्यामुळे." तो मान वर करून म्हणाला, "पण खरं सांगू मॅडम? ती आमच्या वर्गातली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एकदा मी लिहिलं की लॅबमध्ये हे चालतं, घरी चालत नाही. तर रिकामटेकडीने उलट मलाच विचारलं."

"काय?"

"'लॅबमध्ये नक्की काय असतं हो? मी कधी आत गेलेली नाही.'"

४

मुलगी ताईंना तिच्या घराच्या जिन्याखाली भेटली. "वर नको, आधी इथेच बोलू," असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. सायकली आणि जुन्या कुंड्या यांच्यामध्ये ती उभी होती, हातात प्लास्टिकची फाइल. सोमवारी ही पोर खुर्चीत ताठ बसली होती. आज तिचे खांदे गळालेले होते.

"काकू, मला नोकरी नको," ती पहिल्या वाक्यालाच म्हणाली. "कॉलेजला तेवढं कळवू नका."

"मी कुणाची काकू नाही आणि कळवणारी मी नाही. पान कुणी पुसलं?"

"मला माहीत नाही. आईशप्पथ. मी आज सकाळी तुमचा फोन आल्यावर बघितलं."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना. कंप्युटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे. आई विसरते म्हणून."

"आई उत्तरं लिहिते?"

"आई?" रडता रडता मुलीला हसू फुटलं. "आईला माऊस हातात दिला तर ती तो पुसून ठेवते."

"मग लिहितं कोण?"

मुलगी फाइलीची कड नखाने कुरतडायला लागली. या वेळी ती 'माहीत नाही' म्हणाली नाही.

"त्यातलं एकतरी उत्तर तुझं आहे का गं?"

"अकरा," ती म्हणाली. "मोजलीत मी. सुरुवातीची. खातं मीच उघडलं होतं, नाव काय द्यायचं कळेना, तर घरात जे... म्हणजे घरात एक शब्द सारखा ऐकू यायचा, तो टाकला. मग माझी परीक्षा आली." तिने नाक पुसलं. "पण मी खोटं लिहिलं नव्हतं. म्हणजे आधी नव्हतं लिहिलं. कसं सांगू तुम्हाला? तुम्हाला आठवत नाही?"

"मला? मला काय आठवायचं?"

मुलीने फाइलीतून एक चुरगळलेला कागद काढला. बायोडेटाचा पहिला कच्चा खर्डा. कॉलेजातल्या त्या दिवशी चाळीस मुलांनी रांग लावून तपासून घेतले होते, त्यातला. ताईंनी चष्मा लावला.

'मदत-मंचावर आमच्या घरातल्या खात्यावरून २१४ उत्तरं.'

'आमच्या घरातल्या' या दोन शब्दांवर लाल शाईची सरळ रेघ होती. वर, वळणदार अक्षरांत, 'माझ्या' असं लिहिलेलं. आणि समासात एक टीप: 'अर्ज एका माणसाचा असतो. आमच्या-तुमच्या नको!'

उद्गारचिन्हसुद्धा होतं.

ते अक्षर वेलांटीताईंनी ओळखलं. स्वतःचं अक्षर कोण ओळखणार नाही?

५

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्या जिन्याच्या बावीस पायऱ्यांत त्यांना कळलं. आयुष्यभर दुसऱ्याचं चुकलेलं शोधलं. या वेळी बरोबर लिहिलेले दोन शब्द खोडून तिथे खोटा शब्द लिहिला, आणि वर उद्गारचिन्ह दिलं.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. दारात एक लठ्ठ शेजारी हातात पँट घेऊन उभा होता आणि आत कुणाशीतरी बोलत होता.

"वहिनी, कमरेला माया ठेवा हं चांगली. डॉक्टर म्हणतात मी कमी होणार, पण माझा त्या डॉक्टरवर विश्वास नाही."

"किती ठेवू? दोन बोटं?" आतून आवाज आला.

"तीन ठेवा. पुढे-मागे उसवून वाढवता आली पाहिजे."

ताई उंबऱ्यात थांबल्या. शिवणकाम त्यांना कधीच जमलं नव्हतं. बटण लावलं तरी ते सदऱ्यासकट निघायचं. पण शब्द तर लहानपणापासून कानावरचा होता. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, माणूस वाढला तर उसवून सोडता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. दहा अक्षरांच्या रकान्यात प्रेम मावत नव्हतं. माया मावत होती.

शेजारी पँट आत देऊन, वाट सोडून गेला. आतली खोली छोटी आणि नीटस होती. खिडकीशी शिवणयंत्र, त्याला लागूनच कंप्युटर, आणि दोन्हींना मिळून एकच स्टूल. स्टुलावर तिशीतली एक बाई बसली होती, मांडीवर पँट. तिने ताईंकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या नणंदेकडे बघितलं, आणि हातातली सुई आधी सुया टोचायच्या गादीत खोचून ठेवली. मग उठली.

जेवणाच्या टेबलाशी मुलीचा दादा बसला होता. फोनच्या दुकानात कामाला. आज दुपारचं जेवायला उशिरा घरी आलेला. आईने खुर्ची पुढे केली.

"बसा. ऑफिसातून आलात ना? छोटीने सांगितलं. काहीतरी गैरसमज झालाय म्हणे."

"गैरसमज कुणाचाच झालेला नाही," ताई बसता बसता म्हणाल्या. "तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मलाच आत्ता कळलं."

दादाने ताटातला घास उगाचच दुसऱ्या बाजूला सरकवला.

"उत्तरं दुपारी दोन ते साडेतीनमध्ये लिहिलेली आहेत," ताई म्हणाल्या. "तेव्हा छोटी कॉलेजात, तुम्ही, दादा, जेवून परत दुकानात. आई?"

"मी जरा आडवी होते तेव्हा," आई म्हणाली.

"म्हणजे घरात जागं एकच माणूस. ते माणूस कॉलेजच्या लॅबमध्ये कधी गेलेलं नाही. ते 'उसवेल' लिहितं, 'माया ठेवा' लिहितं. हे बघा अजून एक." त्यांनी मुंगीचा कागद उलगडला. "'सगळं एकदम पक्कं करू नका. कच्चं करून आधी अंगाला लावून बघा.' माझ्या ऑफिसातला हुशार मुलगा म्हणाला, कवी मनाची दिसते. आता राहिलं खात्याचं नाव. आई, या घरात रिकामटेकडी कुणाला म्हणतात?"

आई लाल झाली. "अहो, ते आपलं बोलायची पद्धत. दिवसभर घरीच असते म्हणून... चेष्टेत."

"चेष्टेतच," दादा म्हणाला.

"वहिनी," मुलगी पुटपुटली. फक्त तेवढंच.

वहिनी यंत्राला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. चारचौघांत पदर फाटल्यासारखं काहीतरी होतं.

"छोटी परीक्षेला बसली, तर उत्तरं अर्धी राहिली होती," ती ताईंकडे न बघता म्हणाली. "समोरची मुलं वाट बघत होती. मला वाटलं, कुणीतरी द्यायला हवीत. तिची पुस्तकं होतीच घरात. एकेक करत गेले."

"कुणी शिकवलं?"

"कापड बेतायला तरी कुणी शिकवलं होतं?"

६

"आता काय, कळलं ना," आई घाईघाईने म्हणाली. "घरातल्या घरातच आहे. तुझं-माझं करायला आम्ही काय परके आहोत? तिने लिहिलं काय, हिने लिहिलं काय."

"मी तेच म्हटलं होतं छोटीला," दादा म्हणाला. "बायोडेटात टाक म्हटलं. हिचा उपयोग काय त्याचा? हिला कुठे नोकरी करायची आहे? हिला घरीच आवडतं."

"वहिनीला मी विचारलं होतं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "तिने हो म्हटलं होतं. हो ना, वहिनी?"

"हो म्हटलं होतं," वहिनी म्हणाली.

ताईंनी तो लाल रेघांचा कागद टेबलावर ठेवला, ताटाच्या शेजारी.

"छोटीने आधी 'आमच्या घरातल्या' असं लिहिलं होतं. ते खोडून 'माझ्या' मी केलं. न विचारता. हे माझं अक्षर आहे. साहेबांना आज मी हेच सांगणार आहे, आणि त्यांनी कॉलेजला लिहायचंच ठरवलं तर आधी माझं नाव लिहावं लागेल." त्यांनी चष्मा काढला, त्याशिवाय त्यांना समोरचे चेहरे धूसर दिसायचे, आणि या क्षणी ते बरं होतं. "एकच गोष्ट राहिली. मंगळवारी दुपारी दोन पंचवीसला पान पुसलं, तेही तुम्हीच ना, वहिनी?"

"हो."

"का?"

"का म्हणजे?" आईने उत्तर हिसकावून घेतलं. तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "नणंदेला वाचवायला! सोमवारी मुलाखतीहून पोर रडत आली. काहीतरी माया-बिया विचारलं म्हणे, हिला सांगता येईना. सुनेने विचार केला असेल, पानच नसलं तर पुन्हा कोण विचारतंय? शेवटी जीव लावते हो ती छोटीला."

"बघा," दादा म्हणाला. "मन मोठं आहे तिचं. चुकलं असेल, पण घरासाठीच ना?"

मुलगी वहिनीच्या गळ्यात पडायला निघाली. सगळं कसं छान बसत होतं. त्यात लाज कुणालाच वाटायला नको होती. थोडीशी चूक, पुष्कळशी माया, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मोकळे. ताईंनाही क्षणभर वाटलं, हे असंच राहू द्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मास्तरांनी वाचून दाखवलेलं वाक्य त्यात बसत नव्हतं. नणंदेला वाचवणारी बाई कारणाच्या चौकटीत 'नाइलाज' लिहील, 'चूक झाली' लिहील. 'आता बघवत नाही' हे वाक्य मराठीत दुसऱ्याच ठिकाणी वापरतात. शेजारणीचं चांगलं झालं की वापरतात.

"वहिनी," ताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही चौकटीत काय लिहिलंत ते मला माहीत आहे. मी इथे कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आई म्हणतात ते कारण खरं असेल तर नुसती मान हलवा. मी जाते."

खोलीत सगळे वहिनीच्या मानेकडे बघत होते. तिने हलवली असती तर जिना उतरून ताई खरंच गेल्या असत्या.

"नाही," वहिनी म्हणाली.

"अगं..." आई म्हणाली.

"सोमवारी ती रडत आली," वहिनी बोलायला लागली, आणि तिचा आवाज इतका खालचा होता की दादाला पुढे वाकावं लागलं. "सगळे तिला समजावत होते. मीही पाठीवरून हात फिरवत होते. आणि आतून मला बरं वाटत होतं. तिला माया सांगता आली नाही म्हणून मला बरं वाटत होतं. माझीच लाज वाटली मला. मग मंगळवारी सकाळी ती म्हणाली, तरीसुद्धा मिळेल बहुतेक, साहेब हसत होते. दुपारी मी ते पान उघडलं. दोन वर्षांतली सगळी उत्तरं. वरपासून खालपर्यंत वाचली. आणि वाटलं, मला नाही तर कुणालाच नको." तिने पदराच्या टोकाने तोंड पुसलं. "तिच्यासाठी नाही पुसलं मी. घरासाठीही नाही. तुम्ही सगळे मला चांगली म्हणताय ते थांबवा."

"तू हो म्हणाली होतीस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात दोष नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तुला नको होतं तर मग..."

"मला कुणी 'तुला काय हवं' असं विचारलं नव्हतं. 'घेऊ का' असं विचारलं होतं. त्याला मी हो म्हटलं."

घड्याळात साडेतीन झाले होते. दादाची दुकानात परत जायची वेळ टळून गेली होती, पण तो उठला नाही. छोटीने भिंतीला पाठ टेकली आणि ती हळूहळू खाली बसली. आई कोपऱ्यातल्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण काढत होती, पुन्हा ठेवत होती.

"मग आता विचारते," ताई म्हणाल्या. "उशिरा विचारतेय. तुम्हाला काय हवं?"

वहिनीने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे, मग खाली बसलेल्या नणंदेकडे, आणि तिथे तिची नजर सगळ्यात जास्त वेळ अडली.

"मला ती नोकरी हवी होती," ती म्हणाली, आणि कुणी तिला समजावायला तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच स्वतःचं वाक्य दुरुस्त केलं. "हवी आहे."